एफपीयू गाळलेले स्वस्त प्रोसेसर: ४८६एसएक्सपासून कॉर्टेक्स-एम०पर्यंत

जुन्या संगणकांचा विषय निघाला की इंटेलच्या ४८६एसएक्स या स्वस्त प्रोसेसरबद्दल हमखास ऐकू येतं, "तो म्हणजे नापास झालेला डीएक्स." हे अर्धंच खरं आहे, आणि या अर्ध्या खऱ्यामुळे मुद्दा बाजूला राहतो. सुरुवातीच्या एसएक्समध्ये सिलिकॉन डीएक्सचं, म्हणजे पूर्ण ४८६ चंच होतं. फ्लोटिंग पॉइंट युनिट म्हणजे एफपीयू, अपूर्णांकांचं गणित करणारा भाग, आत होतं, पण कारखान्यातच बंद करून टाकलेलं. पुढे इंटेलने एफपीयू मुळातच नसलेली, लहान आकाराची चिप काढली. त्या चिपमध्ये नापास व्हायला एफपीयूच नव्हतं. एफपीयू नसलेला प्रोसेसर घेण्यात वावगं काहीच नाही. आपलं गणित नेमकं कोण करतंय आणि त्याला किती वेळ लागतोय, हे मात्र ठाऊक असायला हवं. तीस वर्षांपूर्वी हा प्रश्न कॅडवाल्यांना, म्हणजे संगणकावर आराखडे काढणाऱ्यांना, पडायचा, आज तो मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरणात बसवायचा एका चिपचा संगणक, निवडणाऱ्या प्रत्येकाला पडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. ८०८६ ला ८०८७, २८६ ला २८७, ३८६ ला ३८७ अशी जोडी असायची. गणिताची चिप वेगळी, तिचं सॉकेट वेगळं, पैसेही वेगळे. एप्रिल १९८९ मध्ये इंटेलने ४८६ जाहीर केला तेव्हा या घराण्यात पहिल्यांदाच एफपीयू आणि ८ किलोबाइटची कॅश (जवळची वेगवान मेमरी) मुख्य प्रोसेसरच्या पोटात आली. एकूण ट्रान्झिस्टर सुमारे १२ लाख. मग १९९१ मध्ये एएमडीने ४० मेगाहर्ट्झपर्यंत धावणारा एएम३८६ आणला आणि इंटेलला स्वस्त ४८६ ची गरज भासली. त्याच वर्षी एसएक्स आला, सुरुवातीला २० मेगाहर्ट्झचा. खरेदी करणाऱ्यांचा एक घोळ तेव्हापासून आजतागायत चालू आहे. ३८६एसएक्स म्हणजे बाहेरची डेटा बस ३२ ऐवजी १६ बिटांची. ४८६एसएक्समध्ये बस पूर्ण ३२ बिटांचीच आहे, नाही ते फक्त एफपीयू. कॅश तीच, पूर्णांकांचा वेगही तोच. वर्ड प्रोसेसर, हिशेब, डेटाबेस यांसाठी २५ चा एसएक्स आणि २५ चा डीएक्स यांत फरक कळणार नाही.

फरक पडतो तो अपूर्णांकांच्या गणितात, आणि तिथे तो प्रचंड आहे. ४८६डीएक्सला एक फ्लोटिंग पॉइंट बेरीज साधारण १० क्लॉकमध्ये (प्रोसेसरच्या ठोक्यांत) जमते, गुणाकार १६ मध्ये, भागाकार ७३ मध्ये. एसएक्सवर यातली प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरने वठवावी लागते. त्याचे दोन मार्ग आहेत आणि दोघांचा खर्च वेगळा.

पहिला मार्ग ट्रॅपचा. प्रोसेसरच्या सीआर० या कंट्रोल रजिस्टरमध्ये ईएम नावाचा बिट असतो, क्रमांक २. तो १ असला की एफपीयूची कुठलीही सूचना, म्हणजे डी८ ते डीएफ यांपैकी बाइटने सुरू होणारी सूचना, आली की एक्सेप्शन ७ (चालू काम अडवणारा व्यत्यय) उठतं. ऑपरेटिंग सिस्टिमचा एम्युलेटर, म्हणजे एफपीयूचं सोंग घेणारा प्रोग्रॅम, ते झेलतो, अडलेली सूचना मेमरीतून वाचतो, तिचा अर्थ लावतो, आकडे कुठून घ्यायचे ते ठरवतो, गणित करतो, उत्तर आपल्या खोट्या रजिस्टरमध्ये लिहितो आणि प्रोग्रॅमला पुढच्या सूचनेवर सोडतो. नुसतं आत जाऊन बाहेर यायलाच ४८६ वर शंभरच्या आसपास क्लॉक जातात. त्यानंतर खरं काम. एक्स८७ चं आतलं स्वरूप ८० बिटांचं आहे: १ चिन्हाचा, १५ घातांकाचे, ६४ मँटिसाचे, म्हणजे खुद्द अंकांचे. दोन ६४ बिटी मँटिसांच्या गुणाकाराला ३२ बिटांचे चार गुणाकार लागतात, आणि ४८६ वर असा एक गुणाकार १३ ते ४२ क्लॉक खातो. मग उत्तर सरकवून नीट लावणं आणि गोलाई. सगळं धरून १६ क्लॉकचं काम कित्येक शेकड्यांत जातं. लिनक्समध्ये हा एम्युलेटर बिल मेट्झेनथेन यांनी लिहिला. कर्नल बांधताना मॅथ एम्युलेशनचा पर्याय निवडला तरच तो आत येतो. एसएक्सवर तो नसलेला कर्नल चढवला तर अडचण ठरलेली.

दुसरा मार्ग डॉसच्या काळातल्या कंपायलरांचा, आणि तो मला आजही फार आवडतो. मायक्रोसॉफ्ट आणि बोरलँड या दोघांचे कंपायलर एफपीयूच्या सूचनेच्या जागी सॉफ्टवेअर इंटरप्ट ठेवत: डी८ ला इंटरप्ट ३४, डी९ ला ३५, असं डीएफ ला ३बी पर्यंत. सेगमेंट बदलणाऱ्या सूचनांना ३सी आणि थांबण्याच्या सूचनेला ३डी. सगळे आकडे हेक्सचे, म्हणजे १६ च्या पायातले. प्रोग्रॅम सुरू होताना एफपीयू आहे का ते पाहिलं जाई. असेल, तर प्रत्येक इंटरप्ट पहिल्यांदा चालताच स्वतःच्या जागी खरी सूचना लिहून टाकी. दोन बाइटांच्या इंटरप्टच्या जागी थांबण्याचा एक बाइट आणि खऱ्या सूचनेचा पहिला बाइट असे दोन बाइट चपखल बसतात, बाकीचे बाइट आधीपासून जागेवर असतातच. पुढच्या फेरीपासून पूर्ण वेग. नसेल, तर इंटरप्ट तसाच राहतो आणि एम्युलेटर काम करतो. एकच ईएक्सई फाइल दोन्ही यंत्रांवर चाले. चाचणीसाठी एफपीयू असूनही एम्युलेटर वापरायचा असेल तर बोरलँडच्या प्रोग्रॅमना ८७ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एन करून द्यायचं, मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमना नो८७ नावाचं.

एफपीयूची थेट सूचनाच वापरणारा आणि सोबत एम्युलेटर न आणणारा प्रोग्रॅम मात्र नुसत्या डॉसमध्ये एसएक्सवर चालत नाही. ऑटोकॅडच्या ३८६ आवृत्त्या सरळ कोप्रोसेसरच मागत. ईएम८७ सारखे मेमरीत बसून राहणारे एम्युलेटर अशा वेळी प्रोग्रॅम सुरू करून देतात, पण वेग वर सांगितला तोच. कॅडसाठीच यंत्र हवं असेल तर ३३ चा ४८६एसएक्स घेण्यापेक्षा ३८७ लावलेला ४० चा ३८६डीएक्स बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एफपीयू आहे की नाही हे प्रोग्रॅममधून तपासायची रीत ठरलेली आहे. आधी ईएम बिट ० आहे ना ते बघा, नाहीतर तपासणीची सूचनाच ट्रॅपमध्ये अडकेल. मेमरीतल्या एका वर्डमध्ये ५ए५ए लिहा (इथलेही आकडे हेक्सचेच). मग एफएनइनिट चालवा आणि एफएनएसटीएसडब्ल्यूने स्टेटस वर्ड त्याच जागी उतरवा. खालचा बाइट शून्य झाला नसेल तर एफपीयू नाही. शून्य झाला तरी तिथे थांबू नका. एफएनएसटीसीडब्ल्यूने कंट्रोल वर्ड घ्या, १०३एफ शी अँड करा आणि उत्तर ००३एफ येतं का पाहा. आलं तरच एफपीयू खरं. या सगळ्यात एफएन ने सुरू होणारीच रूपं वापरायची. नुसत्या एफ ची रूपं आधी थांबण्याची सूचना घालतात, आणि कोप्रोसेसर नसलेल्या जुन्या यंत्रावर ते थांबणं कधी संपतच नाही. बायोसच्या इंटरप्ट ११ (हेक्स) मधला बिट १ हेच सांगतो, पण तो बायोसने सुरुवातीला जे पाहिलं त्यावर किंवा काही बोर्डांवर जंपरवर (जोडणी बदलणाऱ्या छोट्या टोपीवर) अवलंबून असतो, म्हणून त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये. सीपीयूआयडी ही सूचना सुरुवातीच्या ४८६ मध्ये नाहीच.

आता ४८७एसएक्स. नावावरून ही ३८७ सारखी गणिताची जोडचिप वाटते, पण ती अख्खी ४८६डीएक्सच आहे, पिनांची मांडणी थोडी बदललेली. मोकळ्या सॉकेटमध्ये ती बसवली की एमपी नावाच्या पिनेवरून मूळ एसएक्सला इशारा जातो. तो आपली सगळी आउटपुटं सोडून देतो आणि गप्प बसतो. तेव्हापासून अपूर्णांकच काय, पूर्णांकांचं कामही ४८७ च करते. साध्या ४८६ ला १६८ पिना असतात, ४८७ ला १६९. जास्तीची पिन आतल्या कोपऱ्यात डी४ या जागी असते, त्यामुळे चिप उलटी बसत नाही. बसवताना आधी तो कोपरा जुळवावा, मगच दाबावं. पिनांच्या या सॉकेटांना जोर बराच लागतो, बोर्ड खालून आधार न देता दाबला तर वाकतो आणि ट्रेसला तडा जाऊ शकतो.

जुनं बोर्ड हाताशी असेल तर जंपरांकडे फार लक्ष द्या. डीएक्समध्ये एनएमआय ही तातडीचा इशारा घेणारी पिन बी१५ ला आहे आणि ए१५ ला एफपीयूच्या चुकांकडे दुर्लक्ष करायला सांगणारी आयजीएनएनई. एसएक्समध्ये एनएमआय ए१५ ला सरकली आहे. एफपीयूची चूक कळवणारी एफईआरआर पिन डीएक्समध्ये सी१४ ला असते, एसएक्समध्ये ती जागा रिकामी. म्हणजे एसएक्स काढून त्याच सॉकेटमध्ये डीएक्स बसवला आणि जंपर तसेच ठेवले, तर बोर्डाची एनएमआयची तार डीएक्सच्या भलत्याच पिनेला जाते. संगणक बहुतेक वेळा सुरू होतो, म्हणून हे लक्षात येत नाही. मग एफपीयूच्या चुका आयआरक्यू १३ पर्यंत पोचत नाहीत, किंवा मेमरीच्या पॅरिटीची तक्रार प्रोसेसरला कळतच नाही. बोर्डाच्या पुस्तिकेत एसएक्स, डीएक्स आणि ४८७ किंवा ओव्हरड्राइव्ह (इंटेलचा वेग वाढवणारा बदली प्रोसेसर) असे वेगवेगळे तक्ते असतात. योग्य तक्त्यातला प्रत्येक जंपर एकेक करून तपासावा, एखाददुसरा बदलून चालत नाही. ओव्हरड्राइव्ह घ्यायचा असेल तर पिना मोजा. १६९ पिनांचा वेगळ्या सॉकेटसाठी, १६८ पिनांचा मूळ प्रोसेसर काढून त्या जागी बसवायचा. एसएक्स बोर्डावर थेट सोल्डर केलेला असेल आणि जवळ मोकळं सॉकेटही नसेल, तर तो नाद सोडलेला बरा.

मोटोरोलाचा ६८एलसी०४० ही याच कल्पनेची दुसरी बाजू, आणि तिथे प्रकरण जास्त गंभीर झालं. ६८०४० मधून एफपीयू काढून हा प्रोसेसर तयार झाला. १९९३ च्या ॲपल एलसी ४७५ मध्ये आणि पॉवरबुक ५०० मालिकेत तोच आहे. ६८००० घराण्यात ज्या सूचनांच्या कोडचा पहिला हेक्स अंक एफ, त्या एफपीयूच्या. एफपीयू नसेल तर त्या एफ-लाइन एक्सेप्शन उठवतात आणि एम्युलेटरने काम करावं अशी अपेक्षा. पण या चिपच्या बऱ्याच प्रतींत हार्डवेअरचाच दोष होता. मेमरीत लिहायचं काहीतरी रांगेत असताना एफ-लाइन एक्सेप्शन आलं, तर ते लिखाण हरवायचं. सॉफ्टवेअरने हे भरून काढता येत नाही, कारण काय हरवलं ते एम्युलेटरला कळायला मार्गच नसतो. सॉफ्टवेअरएफपीयू हा एम्युलेटर त्यामुळे या यंत्रांवर कधी नीट चाले, कधी मध्येच यंत्र कोसळे, आणि दोष एम्युलेटरच्या माथी येई. चिपवर छापलेला मास्क क्रमांक पाहावा. २ई२३जी सदोष आहे, २ई७१एम आणि त्यापुढचे निर्दोष. ॲपलच्या सेन लायब्ररीतून गणित करून घेणारे प्रोग्रॅम या प्रकरणात अडकत नाहीत, कारण ते एफ-लाइनपर्यंत जातच नाहीत. थेट सूचना वापरणारे प्रोग्रॅम एम्युलेटर नसेल तर एफपीयू नसल्याची तक्रार करून बंद पडतात.

एलसी ४७५ मध्ये चिप सॉकेटमध्ये असते, त्यामुळे २५ मेगाहर्ट्झचा पूर्ण ६८०४० तिथे सरळ बसतो. पिना १७९, कोपऱ्याची खूण जुळवूनच बसवायचा. पूर्ण चिप जास्त तापते, वर हीटसिंक चिकटवा. साइन, कोसाइन यांसारख्या सूचना पूर्ण ६८०४० च्या सिलिकॉनमध्येही नाहीत, त्या मोटोरोलाच्या सॉफ्टवेअर पॅकेजमधून चालतात. अदलाबदल केल्यावर बेरीज-गुणाकार झपाट्याने होतील, पण त्रिकोणमितीत तेवढी उडी दिसणार नाही.

आजच्या घडीला हा सगळा हिशेब मायक्रोकंट्रोलरमध्ये करावा लागतो. आर्मच्या कॉर्टेक्स-एम०, एम०+ आणि एम३ या प्रोसेसरांना एफपीयू नसतंच. एम४ मध्ये ते ऐच्छिक आहे, म्हणून "एम४ आहे म्हणजे एफपीयू असणारच" असं गृहीत धरणं चूक. नॉर्डिकच्या एनआरएफ५२८३२ मध्ये आहे, स्वस्त एनआरएफ५२८१० मध्ये नाही, आणि दोन्ही एम४ च. मूळ ईएसपी३२ मध्ये सिंगल प्रिसिजनचं, म्हणजे ३२ बिटी अपूर्णांकांचं, एफपीयू आहे, एस२ आणि सी३ मध्ये नाही. आरपी२०४० मध्ये नाही, पण रॉममध्ये फ्लोटिंग पॉइंटची घोटून लिहिलेली फंक्शनं आहेत.

एफपीयू असलेल्या एम४ वरही एक खोच आहे: ते फक्त सिंगलचं असतं. सी मध्ये ०.१ असं लिहिलं की तो आकडा डबल, म्हणजे ६४ बिटी, ठरतो आणि त्याच्याशी गुणलेला फ्लोटही डबल होतो. अख्खं गणित मग लायब्ररीत जातं आणि पैसे मोजून घेतलेलं एफपीयू स्वस्थ बसतं. आकड्यामागे एफ लावा, साइन-वर्गमूळ यांची एफ वाली फंक्शनं वापरा आणि जीसीसी कंपायलरची डबल-प्रमोशनची ताकीद चालू ठेवा. खात्री करायची तर लिंकरची मॅप फाइल उघडून एईएबीआय नंतर डीॲड, डीम्यूल, डीडिव अशी नावं शोधा. ती दिसली म्हणजे कुठेतरी डबल शिरलेलं आहे. नुसतं एफ ने सुरू होणारं एफॲड, एफम्यूल दिसलं, तर कंपायलरला एफपीयूचा पर्याय दिलेलाच नाही.

रीसेटनंतर हे एफपीयू बंद असतं. सीपीएसीआर रजिस्टरचे बिट २० ते २३ एक केल्याशिवाय पहिली फ्लोटिंग सूचना थेट हार्डफॉल्टमध्ये (प्रोग्रॅम अडवणाऱ्या गंभीर चुकीत) जाते. उत्पादकाची स्टार्टअप फाइल हे करून देते, पण स्वतःचा बूटलोडर किंवा हाताने लिहिलेला स्टार्टअप असेल तिथे नेमकं हेच राहून जातं. कॉर्टेक्स-एम वर फ्लोट-एबीआयचे, म्हणजे फंक्शनला अपूर्णांक कसे पोचवायचे त्याचे, तीन पर्याय आहेत: सॉफ्ट, सॉफ्टएफपी आणि हार्ड. सॉफ्टएफपीमध्ये सूचना एफपीयूच्या असतात, पण फंक्शनला आकडे साध्या रजिस्टरांतून जातात, म्हणून तो सॉफ्टच्या लायब्ररीशी जुळतो. हार्ड मात्र इतर दोघांशी जुळत नाही, लिंकर तिथेच अडतो. बाहेरून मिळालेली तयार लायब्ररी कुठल्या पर्यायाने बांधली आहे ते आधीच विचारून घ्या.

एफपीयू नसलेल्या चिपवर बहुतेक कामांना पूर्णांक पुरतात. कॉलेजच्या प्रोजेक्टमधला नेहमीचा एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर घ्या. त्याला वीज ५ व्होल्टची द्यायची, तो किमान ४ मागतो. प्रत्येक अंशाला १० मिलिव्होल्ट, म्हणजे मिलिव्होल्टचा आकडा हाच दहापट केलेला तापमानाचा आकडा. १२ बिटांचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करून देणारा भाग) आणि ३.३ व्होल्टचा संदर्भ असेल, तर वाचन गुणिले ३३००, त्यात २०४८ मिळवा आणि १२ बिट उजवीकडे सरकवा. वाचन ३७२ आलं तर गुणाकार १२,२७,६००, मिळवून १२,२९,६४८, सरकवून ३००. म्हणजे ३०.० अंश. एक गुणाकार, एक बेरीज, एक सरकवणं. एम० ला भागाकाराची सूचना नाही, म्हणून ४०९५ ने भागायच्या फंदात पडायचं नाही. पडणारा फरक सेन्सरच्या स्वतःच्या चुकीपेक्षा बराच लहान आहे. दाखवताना ३० आणि ० वेगळे छापून मध्ये टिंब द्या. प्रिंटएफला टक्का एफ देऊ नका. न्यूलिब-नॅनो या छोट्या सी लायब्ररीमध्ये तो मुळात बंद असतो आणि जागा कोरी राहते. चालू केला तर कित्येक किलोबाइट फ्लॅश घेतो.

फिल्टर किंवा पीआयडीसारख्या (तापमान वगैरे नेमकं राखणाऱ्या नियंत्रणाच्या) कामाला फिक्स्ड पॉइंट, म्हणजे अपूर्णांकाचे बिट आधीच ठरवून ठेवलेले पूर्णांक. डूम हा खेळ १९९३ मध्ये ४८६एसएक्सवरही चालत होता, कारण त्यात आकडे १६ बिट पूर्णांकाचे आणि १६ बिट अपूर्णांकाचे होते. ३.५ म्हणजे २,२९,३७६. गुणाकाराचं उत्तर ६४ बिटांत घ्यायचं आणि १६ ने सरकवायचं. ४८६ ला हे सोपं आहे, गुणाकाराचं ६४ बिटी उत्तर त्याला आपसूक मिळतं. एम३ लाही मिळतं. एम० आणि एम०+ ला मात्र गुणाकाराचे खालचे ३२ बिटच मिळतात. वरचे हवे असतील तर कंपायलर चार लहान गुणाकार करून जुळवतो. म्हणून एम० वर १६-१६ ची मांडणी आंधळेपणाने उचलू नये. आकडे १६ बिटांत बसवा, १ चिन्हाचा आणि १५ अपूर्णांकाचे, म्हणजे गुणाकार ३२ बिटांत मावतो. पीआयडीचा इंटिग्रल तेवढा ३२ बिटांत साठवा आणि त्याला वरची-खालची मर्यादा घाला, नाहीतर बेरीज ओसंडून चिन्ह पालटतं आणि पूर्ण तापवायचा हीटर अचानक बंद होतो.